पाव फ्रीजमध्ये नको, फ्रीझरमध्ये! उरलेल्या लादीचा पूर्ण हिशोब



रात्री गाडा बंद करताना तीन-चार लाद्या उरल्या, तर त्यांचं काय करायचं? खाद्यपदार्थांच्या व्यवसायाच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. आणि मी उलट विचारलं, "आत्ता काय करता?" की दहापैकी आठ जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "फ्रीजमध्ये ठेवतो सर."

इथेच पैसे जातात. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलेला पाव वातड झालेला असतो, मोडला तर भुसा पडतो, आणि वडापावात घातला की घास घशाखाली उतरत नाही. गिऱ्हाईक काही बोलत नाही. वडापाव खातं, पैसे देतं आणि पुढच्या वेळी समोरच्या गाड्यावर दिसतं. व्हिडिओमध्ये वेळ कमी होता, म्हणून हा विषय घाईत उरकला होता. आज नीट बोलू. पाव, स्लाइस ब्रेड, घरी भाजलेला ब्रेड, थोडं पोळ्यांबद्दलही.

पाव शिळा होतो म्हणजे नक्की काय होतं?

बहुतेकांना वाटतं की पाव वाळतो म्हणून शिळा होतो. अर्धंच खरं आहे. १८५२ साली बूसँगो नावाच्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की ब्रेड हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी अजिबात उडू दिलं नाही, तरीसुद्धा तो शिळा होतो. आणि तोच शिळा ब्रेड ६० अंशांच्या आसपास गरम केला की परत मऊ होतो. म्हणजे पाणी आतच होतं, फक्त जागेवर नव्हतं.

सोप्या भाषेत सांगतो. मैद्यात स्टार्च असतो. भट्टीत तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. पाव थंड होऊ लागला की हाच स्टार्च पुन्हा आवळायला लागतो, घट्ट रचना धरतो आणि धरून ठेवलेलं पाणी सोडतो. पाव कडक लागतो तो त्यामुळे. रात्रीचा भात सकाळी फ्रीजमधून काढल्यावर टणक झालेला असतो की नाही? तोच प्रकार.

आता महत्त्वाची गोष्ट. हे आवळणं सर्वांत वेगाने होतं ते शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकं आपल्या फ्रीजच्या तापमानाला! बाहेर ओट्यावर ठेवलेला पाव जितका शिळा होईल, त्यापेक्षा फ्रीजमधला लवकर होतो. फ्रीज बुरशी लांबवतो, हे खरं. पण मऊपणा मारतो. फ्रीझरमध्ये मात्र उणे १८ अंशांना पाण्याचा बर्फ होतो, सगळी हालचाल जवळजवळ थांबते, आणि पाव ज्या अवस्थेत आत गेला त्याच अवस्थेत राहतो.

"ज्या अवस्थेत आत गेला" हे शब्द लक्षात ठेवा. दोन दिवस बाहेर पडलेला पाव फ्रीझरमध्ये टाकलात तर दोन दिवस शिळा पावच बाहेर येणार. आणि बुरशी थंडीने मरत नाही, फक्त झोपते. कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग खुडून बाकीचा वापरू नका. मऊ पदार्थात बुरशीची मुळं डोळ्यांना दिसतात त्याच्या बरीच पुढे गेलेली असतात. लादी फेकायची, विषय संपला.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो, तो फार जणांना माहीत नसतो. पाव वरून चांगला दिसतो, पण मोडला की आतून चिकट, तार सुटते आणि पिकून गेलेल्या अननसासारखा गोडसर वास येतो. हे जिवाणूंचं काम. पिठातूनच येतात, भट्टीतही पूर्ण मरत नाहीत आणि दमट उकाड्यात जोर धरतात. जून ते सप्टेंबर लादी घेताना एक पाव मोडून वास घ्यायची सवय लावा. बेकरीवाले काका रागावणार नाहीत, उलट तुम्हाला चांगला माल देतील.

आधी हिशोब, मग फ्रीझर

समजा, लादी २४ रुपयांना मिळते. तुमच्या गावात भाव वेगळा असेल, तो घाला. रोज ३ लाद्या उरतात. ७२ रुपये. महिन्यात २६ दिवस धंदा धरला तर १,८७२ रुपये. ऐकायला फार नाही वाटत. आता दुसऱ्या बाजूने बघा. एका वडापावामागे तुमच्या हातात निव्वळ ६ रुपये राहत असतील, तर हे १,८७२ रुपये भरून काढायला ३१२ वडापाव जास्तीचे विकावे लागतील. तीनशे बारा वेळा तेलासमोर उभं राहायचं, ते फक्त कचऱ्यात गेलेल्या पावासाठी!

हे ऐकलं की लगेच काही जण डीप फ्रीझर घ्यायला निघतात. थांबा. रोज ३ लाद्या उरतात आणि रोज ३ गोठवल्या, तर आठवड्याला १८ लाद्या होतील. त्या कधी विकणार? उद्याही तर तीन उरणारच आहेत. रोज ठरल्यासारखा माल उरत असेल तर तो खरेदीचा प्रश्न आहे, त्याला फ्रीझर हे औषध नाही. एक वही करा. तारीख, वार, घेतलेल्या लाद्या, उरलेल्या लाद्या, आणि शेवटच्या रकान्यात पाऊस, सण, मॅच, जे असेल ते. पंधरा दिवसांत तुम्हालाच कळेल की मंगळवारी बाराऐवजी नऊ पुरतात.

मग फ्रीझर कशासाठी? चढ-उतारासाठी. रविवारची गर्दी, बेकरीची सुट्टी, गणपतीतले दहा दिवस, अचानक आलेली वाढदिवसाची ऑर्डर, किंवा ऐन संध्याकाळी पाऊस कोसळल्यामुळे खरोखरच अडकलेला माल.

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून पावभाजीच्या ऑर्डर घेतात. एरवी पाच लाद्या, रविवारी सतरा. आणि रविवारी सकाळी बेकरीवर झुंबड, कधी माल मिळतो, कधी नाही. त्यांनी बेकरीवाल्या काकांना सरळ विचारलं, "काका, रविवारच्या बारा लाद्या शुक्रवारी दुपारीच द्याल का?" काका म्हणाले, "देतो की ताई, पण शिळ्या करून विकणार काय?" "शिळ्या नाही हो काका, गोठवून ठेवणार." काकांना शुक्रवारी दुपारी भट्टी तशीही रिकामीच असते, त्यामुळे ताईंना माल निवांत, गरम आणि हवा तसा मिळायला लागला. रविवारी पहाटे बेकरीच्या दारात उभं राहणं बंद. माझ्या मते वाचलेल्या पैशांपेक्षा ही वाचलेली धावपळ मोठी.

तुमचा फ्रीझर खरंच फ्रीझर आहे का?

हा भाग कोणी सांगत नाही. सिंगल डोअर फ्रीजमध्ये वरचा जो बर्फाचा कप्पा असतो, तो उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही. फ्रीजच्या माहितीपुस्तिकेत या कप्प्यासाठी बर्फाच्या चांदण्या दिलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या लेबलवरचे स्टार वेगळे, ह्या चांदण्या वेगळ्या. दोन्हींची गल्लत करू नका.

पुस्तिका हरवली असेल (हरवलेलीच असते) तर आइस्क्रीमचा डबा चोवीस तास ठेवा. चमचा सहज घुसला तर कप्पा पुरेसा थंड नाही. अशा कप्प्यात पाव चार-पाच दिवस चांगला राहील, महिनाभराचा भरवसा नको. डबल डोअरचा वरचा फ्रीझर किंवा डीप फ्रीझर असेल तर काळजी नाही.

डीप फ्रीझर घ्यायचा विचार असेल तर लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. समजा २५० युनिट आणि तुमचा दर युनिटला १० रुपये, तर वर्षाला २,५०० म्हणजे महिन्याला साधारण २१० रुपये. उन्हाळ्यात आणि सारखी उघडझाप झाली तर जास्त. वर मशीनची किंमत. फक्त पावासाठी मी हा खर्च करायला सांगणार नाही. मटार, चटण्या, कटलेट असा बाकीचा मालही त्यात जाणार असेल, तरच विचार करा.

वीज जाण्याचं काय? दार उघडलं नाही तर गच्च भरलेला डीप फ्रीझर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजच्या वरच्या लहान कप्प्याला एवढी ताकद नाही. गावाला जाणार असाल तर एक युक्ती करा. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. नाणं बर्फाच्या तळाशी सापडलं, तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. तो माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

गोठवायचं कसं

वेळ सर्वांत महत्त्वाची. ज्या दिवशी आणला त्याच दिवशी, जमलं तर आणल्यापासून काही तासांत. रात्री उरलेला आहे म्हणून नाइलाजाने गोठवणं वेगळं, आणि रविवारसाठी मुद्दाम ताजा घेऊन गोठवणं वेगळं. दुसऱ्याचा दर्जा नेहमीच वरचा राहणार.

भट्टीतून आलेली गरम लादी मात्र लगेच पिशवीत बांधू नका. आतली वाफ पिशवीत अडकते, तिचा बर्फ होतो आणि नंतर तेच पाणी पावाला ओला गिच्च करतं. जाळीवर किंवा टोपलीत पूर्ण गार होऊ द्या. हाताच्या मागच्या बाजूने तळ चाचपून बघा, कोमटसुद्धा लागता कामा नये. घरी ब्रेड भाजणाऱ्यांनी तर दोन-तीन तास थांबावंच, आणि गार झाल्यावर स्लाइस कापूनच गोठवावा. गोठलेला अख्खा लोफ कापायला गेलात की सुरी तरी घसरते नाहीतर बोट तरी.

लादी अखंड ठेवायची की पाव सुटे करायचे? जेवढे एका वेळी लागतात तेवढ्याची एक पिशवी. वडापावच्या गाड्याला अख्खी लादी चालेल. घरगुती ऑर्डरवाल्यांनी चार-चारचे जोड करावेत, म्हणजे दोन प्लेटसाठी अख्खी लादी सोडवावी लागत नाही.

पिशवी जाड हवी. भाजीची पातळ पिशवी चालत नाही, तिच्यातून ओल उडते आणि पावावर पांढरे कोरडे चट्टे पडतात. झिपवाली पिशवी घ्या, हाताने दाबून हवा काढा आणि बंद करा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर आधी क्लिंग फिल्म, मग पिशवी. फ्रीझरमध्ये मासे किंवा मटण असेल तर ही दुहेरी बांधणी करायचीच. पाव वास ओढून घेतो, आणि बोंबलाचा वास असलेला मस्का पाव कोणी दुसऱ्यांदा मागत नाही!

एकदम बारा लाद्या कोंबू नका. आतलं तापमान चढतं, पाव हळूहळू गोठतो आणि बर्फाचे मोठे कण तयार होऊन त्याची जाळी फाडतात. चार लाद्या एका थरात पसरा, तीन-चार तासांनी त्या एकावर एक रचा आणि पुढच्या चार ठेवा. वर जड काही ठेवायचं नाही. आणि तारीख! मार्करने पिशवीवर तारीख लिहा. "माझ्या लक्षात राहतं सर" असं म्हणणाऱ्या किती जणांच्या फ्रीझरमधून मागच्या दिवाळीचा माल निघालाय, ते मी बघितलंय.

किती दिवस? नीट उणे १८ असेल आणि बांधणी चांगली असेल तर तीन महिन्यांपर्यंत खाण्यालायक राहतो. पण धंद्यासाठी मी तीन आठवड्यांच्या पुढे जाऊ देत नाही. खराब होतो म्हणून नव्हे, हळूहळू कोरडा पडतो म्हणून. जुना माल पुढे, नवा मागे.

बाहेर काढताना जास्त चुका होतात

लोक पिशवी उघडतात, पाव ताटात मांडतात आणि सुटायला ठेवतात. बाहेरच्या दमट हवेतली वाफ मग थंड पावावर बसते आणि वरची साल ओली, सुरकुतलेली होते. पिशवी बंदच ठेवा. ओल पिशवीच्या बाहेरून धरेल, पुसून टाका. सुट्या पावांना तासभर पुरतो, अख्ख्या लादीला दीड-दोन. ओट्यावर सुटू द्या, फ्रीजमध्ये नको. का, ते आता तुम्हीच सांगाल!

सुटल्यावर उष्णता लागतेच. पाव सुटला, पण गरम केला नाही, तर तो ताज्याच्या जवळ जाणारा, एवढंच. गरम केला की १८५२ मधली ती गंमत घडते, आवळलेला स्टार्च सैल होतो. पावभाजी, मसाला पाव, दाबेली, टोस्ट सँडविच, हे सगळं तव्यावर लोण्यात होतं, त्यामुळे गोठवलेल्या आणि ताज्या पावातला फरक कळणं जवळजवळ अशक्य. स्लाइस ब्रेड तर सुटायचीही वाट बघू नका, फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर. मिसळीबरोबर दिला जाणारा ब्रेड रश्श्यात बुडवूनच खातात, तिथेही अडचण नाही.

वडापाव मात्र अवघड गिऱ्हाईक आहे. तिथे पाव न भाजता दिला जातो, बोटांना मऊ लागावा लागतो. म्हणून माझा नियम साधा: ताजी लादी वडापावला, गोठवलेली तव्यावरच्या पदार्थांना. तुम्ही दोन्ही विकत असाल तर माल असाच वाटून घ्या. फक्त वडापावच असेल तर इडलीपात्रात चाळणीवर सुती फडकं टाकून, पाव फडक्यात गुंडाळून, मिनिटभर वाफ द्या. जास्त नाही, नाहीतर चिकट होतो. तव्यावर करायचं असेल तर मंद आच, कडेला चमचाभर पाणी शिंपडून झाकण. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंदांच्या वर गेलात की पाव आधी मऊ लागतो आणि गार होताच चामडं होतो. ऑर्डर पार्सलने जाणार असेल तर मायक्रोवेव्ह नकोच.

एकदा सुटलेला पाव परत गोठवायचा नाही. उरलाच तर कडक भाजून मिक्सरला फिरवा, कटलेटला लावायला चुरा होतो. विकतचा चुरा कशाला आणायचा?

घरी ब्रेड बनवून विकणाऱ्यांसाठी

बेकरीच्या ब्रेडमध्ये बऱ्याचदा बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, तुमच्यात नसतं. म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत तुमचा लोफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संशयास्पद दिसू लागतो. तुम्हाला फ्रीझर आमच्या गाडेवाल्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे. त्यात एक पद्धत शिकून घ्या: ब्रेड पूर्ण न भाजता, आकार धरला पण रंग आला नाही अशा टप्प्यावर बाहेर काढायचा, गार करून गोठवायचा आणि ऑर्डरच्या दिवशी शेवटची आठ-दहा मिनिटं भाजून द्यायचा. छोटे पाव आणि डिनर रोल या पद्धतीने छान होतात. गुरुवारी निवांत चार घाणे काढा, शनिवारी फक्त रंग आणा.

गोव्याच्या मंडळींना हे सगळं वाचून हसू येईल. तिथे पोदेर सायकलवर भोंपू वाजवत सकाळ-संध्याकाळ दारात येतो. शिळेपणावर याच्याइतका चांगला उपाय नाही. तरी सुट्टीहून परतताना पिशवीभर पोई घेऊन येणाऱ्यांसाठी: त्याच दिवशी गोठवा आणि थेट तापल्या तव्यावर टाका, ती पातळ आणि पोकळ असल्याने सुटायला ठेवावीच लागत नाही.

पोळ्या आणि पराठेही चांगले गोठतात, मधे बटर पेपर घालून. ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा नाद मात्र सोडा, ती तुटते.

गिऱ्हाइकाला सांगायचं का?

गरम तव्यावरची पावभाजी देताना "पाव शुक्रवारचा आहे" असा बोर्ड लावायची गरज नाही. पण कोणी विचारलं, "पाव आजचा आहे का?" तर खोटं बोलायचं नाही. "गोठवलेला आहे, ताजा असतानाच गोठवला होता, खाऊन बघा." आणि पाकिटात बंद करून ब्रेड किंवा पोळ्या विकत असाल, तर मग मर्जीचा प्रश्नच नाही. एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक, घटक, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं आणि कसं साठवायचं, हे लेबलवर आलंच पाहिजे. गोठवलेला माल सोडवून "आज बनवलं" अशी नवी तारीख चिकटवणं ही सरळ फसवणूक आहे.

या आठवड्याचं काम: आज एकाच लादीतले सहा पाव घ्या. दोन ओट्यावर डब्यात, दोन फ्रीजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये. परवा सकाळी तिन्ही मोडून बघा, घरच्यांना डोळे मिटून चव घ्यायला सांगा, आणि काय निघालं ते वार आणि गावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. कोकणातली हवा आणि विदर्भातली हवा एकसारखी नाही, त्यामुळे ओट्यावरच्या दोन पावांचं काय झालं ते मला जास्त वाचायचंय.